थोरलीचे ब्रेक

दि. ४ जानेवारी

तीर्थरूप पानाकाकांस,
धाकटीचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणतोस आणि मागे खडी फोडायची मशीनं ओरडायला लागली की ठेवून देतोस. म्हणून पत्र लिहितेय. पत्र ठेवून देता येत नाही, ते खिशात टोचत राहतं.

बातमी अशी, की बाबा थोरलीला भंगारात देतायत. भंगारवाला काल येऊन गेला. पिकअपभोवती दोन चकरा मारल्या, टायरला लाथ घातली आणि म्हणाला, की लोखंड चांगलं आहे, जुन्या काळातलं. आई तिथून आत निघून गेली. मी जन्मायच्या चार वर्षं आधीपासून ती या गाडीला थोरली लेक म्हणते (म्हणून तर मी एकुलती एक असून धाकटी). लेकीला कुणी लाथ मारलेली तिला बघवली नाही. बाबा शेडच्या दारात उभे होते. हातातली रिकामी पिशवी घडी घालत होते, उलगडत होते.

मग मी मध्ये पडले. पंधरा मार्चला गाडीची तपासणी आहे. तोवर मी स्प्रिंगचे पाटे आणि ब्रेक पहिल्यासारखे करून दाखवीन, गाडी पास झाली तर ती राहील आणि बाबा पुन्हा चालवतील. नाही झाली तर सोळा तारखेला भंगारवाल्याने घेऊन जावी. बाबांनी मान हलवली. ती होकाराची होती की माझी कीव होती, ते कळलं नाही, पण मी होकार धरलाय.

काका, मी स्पष्टच लिहिते. अडीच वर्षांपूर्वी ब्रेक गेले आणि थोरली वखारीच्या भिंतीला धडकून थांबली, तेव्हा मी परीक्षेला बाहेरगावी होते. परत आले तर बाबांचा गुडघा प्लास्टरमध्ये, आणि तू सगळ्यांसमोर ‘काम माझं होतं, दोष माझा’ म्हणून घर सोडलेलं. गुडघा केव्हाच बरा झाला. पण बाबा गोदामात वजनकाट्यासमोर बसतात आणि स्टिअरिंगला हात लावत नाहीत. तुला एक ओळही लिहीत नाहीत. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना रोज संध्याकाळी बसवून मी त्यांना अक्षरं शिकवली, त्यांनी अख्खं पुस्तक न अडखळता वाचून दाखवलं. लिहिता येणाऱ्या माणसाने लिहायचं नाही म्हणजे राग आहे. ब्रेक तर मी दुरुस्त करीनच, पण खरा घालवायचाय तो हा राग. तू परत यायला हवास.

शाळेच्या प्रयोगशाळेतली माझी नोकरी दुपारी एकला संपते. म्हणजे रोज पाच तास हातात आहेत. तुझी हत्यारं पेटीत जशीच्या तशी आहेत. शेडमधली फळीही मी तेव्हा लावली तशीच आहे, एकसारख्या बाटल्या आणि माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. कुणी हातसुद्धा लावलेला नाही. सुरुवात कुठून करू ते कळव.

लोभ आहे हे मला माहीत आहे. तो पोस्टाने पाठव.
तुझी,
धाकटी


दि. ११ जानेवारी

चि. धाकटीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. इथल्या फोरमनने विचारलं, की कुणाचं लग्न आहे का. म्हटलं, नाही, पुतणी पिकअपखाली शिरतेय.

पदवीची सुरळी करून कपाटात ठेव, पाना फिरवताना दोन्ही हात मोकळे लागतात. आता नीट वाच. जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. जॅक उचलतो, धरून ठेवत नाही. गाडी उचलली की आसाखाली लाकडाचे ठोकळे, आणि ठोकळे बसल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. पाट्यांचे बोल्ट गंजलेले असतील. दोन दिवस तेल पाजून ठेव, मग पाना लाव. जोर लावलास तर बोल्ट तुटेल आणि तू मला शिव्या देशील. मागचा डावा पाटा बघ, ती बाजू नेहमी झुकायची. पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश नवे घाल, पण त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळ. लटकलेल्या गाडीचे आवळलेस तर रबर पिळलं जाईल आणि महिन्यात फाटेल.

ब्रेकचं सांगतो. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या, जे जे रबर आहे ते सगळं न उघडता फेकून दे. नवं आण. लोखंडी पाइप स्पिरिटने दोनदा धू. ब्रेक तेलाचा सीलबंद डबा आण, फळीवरच्या बाटल्यांतलं काहीही घालू नकोस. का, ते विचारायचं नाही. पदवी मिळाल्यापासून तुझ्या तोंडी ‘का’ फार झालाय.

दादा लिहीत नाही याचा राग धरू नकोस. मी धरलेला नाही. वहिनीला नमस्कार.

हात सांभाळ, बोटं मोजून ठेव, पुढच्या पत्रात दहाचा आकडा कळव.
तुझा,
काका


दि. १ फेब्रुवारी

ती. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

बोटं दहा आहेत. नखं सात.

मागच्या डाव्या पाट्यातली तिसरी पट्टी मधोमध तुटलेली निघाली. बोल्टांना तू म्हणालास तसं दोन दिवस तेल पाजलं, तरी एक हटेना. तिसऱ्या दिवशी मी पान्याला लांब पाइप लावला, त्यावर लोंबकळले आणि बोल्ट सुटला तशी पाठीवर पडले. आईने खिडकीतून विचारलं, की थोरली पडली की धाकटी. मी म्हटलं धाकटी, तर म्हणाली, बरं, मग ऊठ.

तुटलेली पट्टी घेऊन लोहाराकडे गेले. त्याने पट्टीकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, की घरात कुणी पुरुषमाणूस नाही का. मी म्हटलं, आहेत दोन, पण एक लांब आहे आणि एक गप्प आहे. तो हसला. मग तशीच नवी पट्टी घडवून, पाणी देऊन, बाक जुळवून दिली, आणि भाता मला ओढायला लावला. खांदे अजून ठणकतायत.

आता एक कबुली. तू स्पष्ट लिहूनही मी बुशचे बोल्ट गाडी लटकलेली असतानाच आवळले. खूप आनंदात होते, भान राहिलं नाही. रात्री जेवताना आठवलं. दुसऱ्या दिवशी सगळे सैल करून, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळले. थोरली आता सरळ उभी आहे. इतकी वर्षं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बाईसारखी दिसायची, आता शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी दिसते.

आणखी एक. मागच्या सोमवारी सकाळी आसाखाली मी ठेवले होते त्यापेक्षा एक ठोकळा जास्त होता. आईला विचारलं, तिने ठेवला नाही. मग उरलं कोण? मी तो ठोकळा तिथेच राहू दिला.

ब्रेकचं म्हणशील, तर नवं सगळं आणलंय. पण रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसतात, चीर नाही, तडा नाही, मग त्याही का फेकायच्या? आणि जुना मास्टर सिलिंडर मी फेकलेला नाही. तो उघडून बघणार आहे. बिघडलं काय हे कळल्याशिवाय दुरुस्त झालं असं मी मानत नाही, प्रयोगशाळेत आम्ही मुलांना तेच शिकवतो. आणि खरं सांगू, या घरात न उघडता टाकून दिलेली एक गोष्ट, ती धडक, पुरेशी आहे.

रागावशील, पण लोभ कमी करणार नाहीस, या भरवशावर,
धाकटी


दि. ९ फेब्रुवारी

भाऊजींस,
वहिनीचे आशीर्वाद.

मला लांब पत्र जमत नाही. धाकटी तीन दिवस धड जेवलेली नाही. शेडमध्ये जाते, पण पान्याचा आवाज येत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने काचेच्या दोन बरण्या ठेवल्यात, दोन्हीत तेल आणि तळाला रबराचा तुकडा. मी विचारलं, हे काय मुरत घातलंस, तर म्हणाली, चूक. कुणाची म्हटलं, तर उठून गेली.

तुमच्या भावाला काही कळलेलं नाही, पण ते रात्री दोनदा उठून शेडकडे बघून आले.

तुम्हाला काही माहीत असेल तर तिला सांगा. लहानपणापासून तिची खोडी तुम्ही काढायचा आणि रडणंही तुम्हीच थांबवायचा. मला फक्त वेणी घालता यायची.

प्रकृती सांभाळा. तुमचं ताट अजून मांडणीत वरच्या खणातच आहे, कुणी हलवलेलं नाही.
वहिनी


दि. ११ फेब्रुवारी

ती. काकांस, नमस्कार.

मास्टर सिलिंडर उघडला. आतल्या रबरी वाट्या फुगलेल्या होत्या, दीडपट. एकीची कड फाटली होती. चाकांच्या सिलिंडरांतही तेच. तू बसवलेलं रबर चुकीचं नव्हतं. त्यावरचा आकडा नव्या वाटीवरच्या आकड्याशी जुळतो. बसवलंही बरोबर होतंस.

मग मी नव्या वाटीचे दोन तुकडे केले. एक ब्रेक तेलात ठेवला, एक जॅकच्या तेलात. ब्रेक तेलातला तसाच राहिला. जॅकच्या तेलातला चार दिवसांत फुगला आणि बोटाने दाबला तर चिकट लागला. ब्रेकच्या टाकीत जॅकचं तेल पडलं होतं, काका.

त्यानंतर मी फळीसमोर बसले. बाबांची जुनी फळी आठवायला लागले. तेव्हा तिथे निरनिराळे कळकट डबे होते आणि प्रत्येकाच्या गळ्यात तेलकट सुतळी. इंजिन तेलाच्या सुतळीला एक गाठ, ब्रेकच्या दोन, जॅकच्या तीन. त्याच क्रमाने मांडलेले. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी ते सगळं धुऊन काढलं. एकसारख्या बाटल्या आणल्या, सुतळ्या चुलीत घातल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि बाटल्या अक्षरांच्या क्रमाने मांडल्या. इंजिन, जॅक, ब्रेक. दुसऱ्या जागी जॅक आला.

चिठ्ठी वाचता येणारा माणूस दुसरी बाटली डोळे झाकून उचलणार नाही.

मी त्यांना अक्षरं शिकवली होती ना? तू मला खरं सांग. एवढं एकच विचारतेय.

धाकटी


दि. १८ फेब्रुवारी

चि. धाकटीस, आशीर्वाद.

फेक म्हटलं होतं. ऐकलं नाहीस. आता सांगावंच लागेल.

तुझा बाप वाचत नाही. पुस्तक त्याला पाठ झालं होतं. तू आधी वाचून दाखवायचीस, तो ऐकायचा, दुसऱ्या दिवशी बोट फिरवत म्हणायचा. पान कुठे उलटायचं ते चित्रांवरून. मला शेडमध्ये म्हणून दाखवायचा, चुकलं तर सांग म्हणायचा. म्हटलं, दादा, पोरीला सांगून टाक. तर म्हणाला, ती कॉलेजात सगळ्यांना सांगून आलीय, आता कसं सांगू.

धडक झाली त्या संध्याकाळी मी टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवून वास घेतला. जॅकचं तेल. एरवी भर मीच घालायचो, पण आठवडाभर आधी मी नसताना दादाने ती घाईत घातली होती, त्याने मला तसं सांगितलंही होतं. फळीकडे बघितलं आणि सगळं समजलं. झाकण लावून टाकलं. तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. तुला कळलं असतं तर तू पेपर सोडून आली असतीस, आणि दादाला कळलं असतं तर त्याने ‘मी अडाणी’ म्हणत उरलेला जन्म काढला असता. दोघांना वाचवायचं तर तिसरा माणूस हवा होता. मी मेकॅनिक. मेकॅनिकच्या हातून चूक होते, लोक समजून घेतात.

पण तिथे राहून दादाच्या तोंडाकडे बघणं जमेना. तो मला माफ करत होता, रोज. न केलेल्या चुकीची माफी घेणं फार अवघड असतं गं.

आता झालं ते झालं. चूक माझ्या नावावर राहू दे, मला तिची सवय झालीय. दादाला सांगू नकोस. ब्रेक बसव आणि गाडी पास करून घे. थोरली राहिली तरी पुष्कळ.

आई सांगेल तेवढं जेव.
काका


दि. ५ मार्च

ती. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

मी बाबांना सांगितलं.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस विचार केला. तू म्हणतोस तुला सवय झालीय. पण चूक माझी आहे, ती तू अडीच वर्षं वापरलीस, आता परत कर. मी शिकले ते दुसऱ्याने माझ्याबद्दल खोटं बोलून मला सुखात ठेवावं म्हणून नाही. आणि तू खरा असताना बाबांनी तुला रोज माफ करत राहावं, हे मला सहन होण्यासारखं नाही.

रविवारी दुपारी त्यांना शेडमध्ये बोलावलं. बाकावर फुगलेली वाटी, नवी वाटी आणि दोन्ही बरण्या मांडल्या. सुतळ्यांपासून सुरुवात केली. तोंडाने सांगायला जेमतेम पाच मिनिटं लागली. बाबांनी फुगलेली वाटी उचलली आणि सिलिंडरच्या तोंडाला लावून बघितली. जाईना. पुन्हा लावली. मग नवी लावली, ती सहज बसली. दोन्ही वाट्या त्यांनी बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या. मी म्हटलं, दोष माझा आहे, सुतळ्या मी जाळल्या. त्यावर ते म्हणाले, की वाचता येत नाही हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

एवढंच म्हणाले. मग तुझ्याबद्दल विचारलं, की त्याला हे कधीपासून माहीत आहे. मी म्हटलं, त्याच संध्याकाळपासून. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, की लहानपणीही हा असाच होता, माझ्या वाटणीचा मार खाऊन यायचा आणि वर हसायचा.

मला वाटलं, आता ते उठून घरात जातील. ते उठले आणि विचारलं, की हवा कुठल्या चाकापासून काढणार आहेस.

नवे सिलिंडर, नव्या नळ्या, ब्रेकचे नवे लायनर बसवून झाले होते. पाइप दोनदा नाही, तीनदा धुतलेत. फक्त नळ्यांतली हवा काढायची राहिली होती आणि त्याला दोन माणसं लागतात, एक चाकापाशी, एक पेडलवर. मी आईला बसवणार होते. मी म्हटलं, मागचं डावं, सगळ्यात लांबचं. ते म्हणाले, बरोबर. आणि दार उघडून सीटवर बसले.

अडीच वर्षांनी, काका. आधी एक पाय बाहेरच होता. मी चाकाखाली पडले, हवा सोडायच्या निपलला नळी लावली, तिचं दुसरं टोक काचेच्या बाटलीत तेलात बुडवलं. मी ‘दाबा’ म्हणायची, ते दाबून ‘धरलाय’ म्हणायचे, मी निपल सैल करायची, बुडबुडे निघायचे, घट्ट करून ‘सोडा’ म्हणायची. आई टाकीतलं तेल कमी होतंय का ते बघत उभी होती. पहिल्या चाकाला वीस वेळा तरी झालं असेल. दुसऱ्याला बाबा म्हणाले, की पेडल अजून मऊ आहे, घाई करू नकोस. तिसऱ्याला विचारलं, की काकाने तुला हे कधी शिकवलं, मी म्हटलं, पत्रातून. शेवटच्या चाकाचे बुडबुडे थांबले तेव्हा पेडल दगडासारखं झालं होतं. मी गाडीखालून बाहेर आले आणि बघितलं, तर पाय आत होता आणि दार लावलेलं होतं.

दहा दिवस उरलेत. अंगणात पुढे-मागे करून बघतोय. डावीकडे किंचित ओढते, मागच्या उजव्या चाकाचे लायनर जरा आणखी जवळ घ्यावे लागतील.

लोभाबद्दल आता काही लिहीत नाही. त्याची चाचणी होऊन गेली, पास आहे.
धाकटी


दि. १५ मार्च

ती. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, थोरली पास झाली. आता सविस्तर.

बाबांनी सकाळी स्वतः चालवत नेली. आई मध्ये, मी कडेला. वाटेत वखार लागली. भिंतीला नवा गिलावा केलाय, फक्त तेवढाच भाग पांढरा दिसतो. आई एवढंच म्हणाली, की रंग जुळला नाही.

तपासनीस जाडजूड, घामाघूम आणि वैतागलेला होता. आधी गाडीखाली वाकला, नव्या पट्टीवर किल्ली वाजवून बघितली, हे कुणी केलं विचारलं. बाबांनी माझ्याकडे बोट केलं. त्याला वाटलं चेष्टा करतायत. मग आम्हाला उतरवून तो शेजारी बसला आणि बाबांना मैदानात जोरात घ्यायला लावलं. चुन्याच्या रेघेशी करकचून थांबायचं होतं. मी डोळे मिटले, आईने नाही मिटले. थोरली रेघेच्या हातभर अलीकडे थांबली, सरळ, इकडे नाही तिकडे नाही. तपासनिसाचं पेन पुढच्या काचेवर आपटलं आणि तो ‘पुरे’ म्हणाला.

मग त्याने कागद पुढे केला, की वाचून सही करा. आजूबाजूला आठ-दहा ड्रायव्हर उभे होते. इतकी वर्षं बाबा अशा वेळी काय करायचे ते मला आता माहीत आहे. ते चष्मा घरी राहिला म्हणायचे, नाहीतर कागदावरून नजर फिरवून सही ठोकायचे. आज त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, की मला वाचता येत नाही, हिला येतं, ही वाचेल. मी मोठ्याने वाचला. तपासनीस कंटाळला तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

भंगारवाल्याला निरोप धाडलाय.

संध्याकाळी फळी लावली. चिठ्ठ्या आहेत, सुतळ्याही आहेत. इंजिन, ब्रेक, जॅक, बाबांच्या क्रमाने. वाचायला पुन्हा शिकायचं का, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, बघू, आधी तू गाठ मारायला शीक, तुझी सुटते.

या पाकिटात सुतळीचा तुकडा आहे. बाबांनी दिलाय. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. ते म्हणाले, लिहू नकोस, एवढंच पाठव, त्याला कळेल. म्हणून पाठवतेय. त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. बघ, मी ‘का’ कमी केलाय.

तुझी,
धाकटी


दि. २० मार्च

चि. धाकटीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

सुतळी मिळाली. तेलात भिजवलेली, दोन गाठी, दादा मारतो तशाच, उलट्या हाताच्या. दोन गाठी म्हणजे ब्रेकचं तेल, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्यापुढचंही कळलं. अडीच वर्षांत दादाचं पहिलं पत्र आलं, आणि मी ते न अडखळता वाचलं.

फोरमनने पुन्हा विचारलं, की आता कुणाचं लग्न आहे. म्हटलं, कुणाचं नाही, घरी जातोय. हिशेब करून हत्यारं बांधली आहेत.

रविवारी सकाळच्या गाडीने पोचतो. स्टेशनवर दादाला पाठव, थोरली घेऊन. तू येऊ नकोस, पुढे जागा दोघांपुरतीच ठेवा. मागच्या उजव्या चाकाचे लायनर जवळ घेतलेस का, ते मी येऊन हाताने बघणार आहे. पदवी असो वा नसो.

वहिनीला सांग, ताट वरच्या खणातून काढून ठेवा.

लोभ बरोबर घेऊनच येतोय.
काका